बाहेरच्या भिंतीवरची खूण

मन्मथआप्पा पहिल्यांदा दिसले तेव्हा आमच्या घराला दारं नव्हती, खिडक्या नव्हत्या, भिंतींना गिलावा नव्हता. लातूरला आम्ही घर बांधायला काढलं होतं. नवरा नोकरीला नांदेडला, शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जाणारा. त्यामुळे बांधकामावर उभं राहणं माझ्याकडे आलं होतं. मी शाळेत शिकवते. शाळा सुटली की पर्स खांद्याला तशीच अडकवून मी तिकडे जायची. एका दुपारी बाथरूमच्या जागेत एक काटकुळा, साठीकडे झुकलेला माणूस उकिडवा बसलेला दिसला. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, शर्टाच्या खिशात सुतारी पेन्सिल. ठेकेदाराने नळफिटिंगचा मिस्त्री पाठवतो म्हणून सांगितलं होतं, तो हाच.

मला बघून ते उठले. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"बाई, घरची बादली आणा."

"कशाला?"

"आणा तर."

भाड्याच्या घरातून मी बादली आणली. ती त्यांनी कोपऱ्यात ठेवली, तिच्या कडीवर टेप लावला आणि कडीच्या वर चार बोटं सोडून भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली. "नळ उंच गेला तर पाणी उडतंय. खाली आला तर भरलेली बादली निघंना. कंपनी माप देती, पण तुमची बादली कंपनीला ठाव न्हाई."

मग त्यांनी विचारलं, घरात म्हातारं कोण आहे. सासूबाईंना आणायला लावलं. त्यांचे गुडघे तेव्हाच गेले होते. आप्पांनी विटांचा ढीग कमोडच्या उंचीचा रचला, वर पोतं टाकलं आणि सासूबाईंना बसवलं. "आता उठा आजी." उठताना सासूबाईंचा हात आपोआप भिंतीकडे गेला. तळवा जिथे टेकला तिथे आप्पांनी खूण केली.

"हितं धरायची दांडी."

मी म्हटलं, तिथे टॉवेलची दांडी लावायची ठरवलीय, तीच धरता येईल.

"म्हातारं माणूस दांडी बगत न्हाई, धरतंय. टावेलची आसली तर दांडी बी खाली येती, म्हातारं बी येतंय."

त्यांचं सगळं काम असं होतं. लातूरच्या नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी येत नाही, म्हणून बाथरूममध्ये पिंपाची जागा आधी ठरायची आणि बेसिन नंतर. आरसा किती उंचीवर हे विचारलं की ते म्हणायचे, "बगायचं कुनी?" एका व्यापाऱ्याच्या घरी मालकाने आपल्या उंचीने आरसा लावायला सांगितला. मालक सहा फूट. आप्पांनी मालकिणीला बोलावून तिथे उभं केलं. आरशात तिचा फक्त भांग दिसत होता. "शेठ, रोज सकाळी ह्यांनी आपला भांग बगायचा का?" शेठ हसले आणि आरसा खाली आला. ही गोष्ट सांगताना आप्पा स्वतः कधी हसायचे नाहीत. तो त्यांना विनोद वाटतच नव्हता.

त्यांच्या पिशवीत दोनशेपानी वही असायची. एका घराला एक पान. बाथरूमच्या चार भिंती पुठ्ठ्याचा खोका उलगडावा तशा काढलेल्या. कुठला पाइप जमिनीपासून किती उंचीवर, कोपऱ्यापासून किती आत, गरम पाणी लाल रेघेने, गार निळ्या. वर घरवाल्याचं नाव आणि गल्ली. फरशी बसायच्या आधी ते पान घरातल्या एकाला तरी समजावून दिल्याशिवाय भिंत बुजवू द्यायचे नाहीत. "भिंत एकदा झाकली की मुकी होती बाई. बोलायचं ते आदी." सातवी शिकलेल्या माणसाचं ते अक्षर आणि त्या रेघा बघून मी एकदा वही शाळेत नेली होती, मुलांना प्रमाण काढायला शिकवताना.

माझा आणि त्यांचा एकदाच वाद झाला. आम्हाला गॅसचा गीझर बसवायचा होता. वीज जाते, सोलर परवडत नव्हता. माझ्या मनात तो आत, शॉवरशेजारी होता. आप्पांनी खूण केली मागच्या बोळाच्या बाजूला, बाहेरच्या भिंतीवर.

"पावसात भिजेल की."

"पत्रा टाकतो."

"आतच लावा ना आप्पा."

"जमना."

"पण का?"

"जमना म्हंजी जमना. दुसरा मिस्त्री बगा."

कारण काही सांगितलं नाही. मला राग आला. हेकट म्हातारा, म्हणून मी नवऱ्याला फोनवर सांगितलं. पण गीझर बाहेरच लागला.

घर झालं. वर्षभराने नवऱ्याच्या ओळखीचे इंगोले सर सहकुटुंब लातूरला आले, तेव्हा आमच्याकडे उतरले. सर नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांचंही घर चाललं होतं. त्यांच्या पत्नीला, सुमनताईंना, आमचं बाथरूम फार आवडलं. नळाखालून बादली कशी सहज निघते हे त्यांनी दोनदा करून बघितलं. सोबत त्यांची मुलगी श्वेता होती. बारावीतली, लांब केसांची, सतत काहीतरी गुणगुणणारी. तिने सासूबाईंच्या दांडीला लोंबकळून बघितलं आणि आईचा धपाटा खाल्ला. त्या संध्याकाळी आप्पांचा नंबर मीच त्यांना दिला.

आप्पा नांदेडला जाऊन पंधरा दिवस राहिले. एरवी काम करून परतले की वहीतलं पान मला दाखवायला यायचे, या वेळी आले नाहीत. मी विचारलंही नाही.

पुढच्या थंडीत, डिसेंबरातल्या एका सकाळी, नवऱ्याचा फोन आला. श्वेता गेली. बाथरूममध्ये.

परीक्षेचा फॉर्म भरायला जायचं म्हणून ती डोक्यावरून आंघोळ करायला शिरली होती. थंडी म्हणून व्हेंटिलेटरची काच आतून ओढून घेतली होती. सुमनताई स्वयंपाकघरात होत्या. केस धुतेय, वेळ लागणारच, असं त्यांना वाटलं. पाण्याचा आवाज येत होता. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा उत्तर आलं नाही, तेव्हाही पाण्यामुळे ऐकू गेलं नसेल असंच वाटलं. दुसऱ्या हाकेनंतर त्यांनी दार ठोठावलं. शेजारच्यांनी दार तोडलं, तेव्हा गरम पाणी तसंच चालू होतं. अंगावर जखम नाही, ओरखडा नाही. गीझरच्या जाळाने आतली हवा खाल्ली होती आणि विष सोडलं होतं. त्या विषाला वास नसतो.

नवरा अंत्यविधीला जाऊन आला. तिथे काय बोललं जात होतं तेही त्याने सांगितलं. मिस्त्रीने गीझर आत लावला, अडाणी माणूस, त्याला यातलं काय कळतंय. सर स्वतः तसं म्हणत होते. माझ्या घरात तो गीझर बाहेर लावणाऱ्या माणसाला कळत नव्हतं, हे मला पटेना.

चार-पाच दिवसांनी आप्पा आमच्या पायरीवर येऊन बसले. आत या म्हटलं तर आले नाहीत. चहा ठेवला, तो तसाच राहिला. मग बोलायला लागले.

नांदेडलाही त्यांनी खूण बाहेरच्या भिंतीवरच केली होती. पण ती बाजू रस्त्याकडे होती. सर म्हणाले, घराच्या दर्शनी बाजूला तो डबा लटकलेला दिसेल, आत घ्या.

"मी म्हनलो, सर, ह्यो जाळ हवा खातो, आन आत माणूस बी हवाच खातो. दोघाला पुरना. तर सर हासले. म्हनले, आप्पा, मी वीस वर्सं केमिस्ट्री शिकवतोय."

"मग?"

"मग काय बाई. ते केमिस्ट्रीवाले, मी सातवी. मला वाटलं, ह्यांला आपल्याहून जास्त ठाव असंल. व्हेंटिलेटर उघडा ठेवा म्हनलो. हाव म्हनले. आन मी बशिवला." त्यांनी हात पुढे केले. सिमेंटने खाल्लेले, नखं फुटलेले हात. "लोक म्हंतेत मिस्त्रीनं लावला. खोटं हाय का? ह्याच हातानं लावला."

"पण तुम्ही सांगितलं होतंत. हे लोकांना कळायला हवं."

"कुनाला सांगू? लेकरू गेलेल्या बापाला?"

मग त्यांनी जे विचारलं ते मला अजून सुटलेलं नाही. "तुमच्या घरी मी आडून बसलो. तितं कामून न्हाई बसलो?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझ्यापुढे ते अडून बसू शकले, कारण मी बाईमाणूस होते. 'जमना' म्हणून टाकायचं, कारण सांगायची गरज नाही. सरांपुढे ते चालणार नव्हतं. माझं घर वाचलं ते माझ्या किंवा त्यांच्या शहाणपणाने नाही.

दहाव्याला ते नांदेडला गेले. नका जाऊ, मारतील, असं त्यांची बायको गौराबाई रडून सांगत होती. मारलं कुणी नाही. ओसरीत बसायला सांगितलं. सर खोलीतून बाहेर आले नाहीत. सुमनताई आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. पुढचं मला दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि शब्दाचाही फरक नव्हता.

"आप्पा, असं होऊ शकतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"यांना सांगितलं होतंत?"

आप्पा खाली बघत म्हणाले, "सांगायचं तसं सांगितलं न्हाई."

"मी घरातच होते ना? पंधरा दिवस तुम्हाला चहा मी दिला. बादली माझ्याकडून मागून घेतलीत. आरसा लावताना मला उभं केलंत. मग हे मला का नाही सांगितलं?"

आप्पा तसेच उठून लातूरला परत आले. मला म्हणाले, "बाईमाणसाला कशाला भ्याव घालायचं, आसं वाटलं मला. मी तर तुमाला बी सांगितलं न्हवतं."

त्यानंतर आप्पांनी नवीन काम घेणं बंद केलं. सगळ्या वह्या काढल्या, आठ-दहा तरी असतील. एकेक पान उलटून ज्या घरांत त्यांनी गीझर आत लावला होता त्यांची पानं दुमडून ठेवली. सुरुवातीची, कळत नव्हतं तेव्हाची बरीच होती. नंतरचीही काही होती, मालकाच्या हट्टापुढे मान तुकवलेली. लातूर, उदगीर, नांदेड, दोन-चार बिलोलीकडची. मग पिशवीत भिंतीला भोक पाडायचं मशीन आणि पाइपचे तुकडे घालून ते एसटीने एकेका घरी जाऊ लागले.

"तुमचा गीझर भाईर काढून देतो. पैसा नको."

फुकट म्हटल्यावर लोकांना आणखी संशय यायचा. एका दुकानदाराने विचारलं, "नवा खपवायचाय का?" एकाने सांगितलं, बारा वर्षं झाली, काही झालं नाही, आता काय होतंय. काही घरं विकली गेली होती, तिथे कुणी ओळखत नव्हतं. उदगीरजवळच्या एका घरात म्हातारे मालक दारातूनच नको म्हणाले. आप्पा जायला वळले, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून सून हळूच म्हणाली, "मामा, काय होतंय त्यानं?" तिला त्यांनी खिडकीबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. जाळ काय खातो, काय सोडतो, चक्कर कशी येते, दाराची कडी काढायचंही कसं सुचत नाही. सुनेने कडेवरच्या पोराकडे बघितलं आणि आत गेली. घरात आवाज चढले. अर्ध्या तासाने मालक बाहेर येऊन म्हणाले, "या. काढा एकदाचा."

तेव्हापासून त्यांनी ठरवून टाकलं. कुठल्याही घरी गेलं की आधी म्हणायचं, घरातल्या बायांना बोलवा. आमच्याकडेही आले. गीझर बाहेर होता तरी सासूबाईंना, मला, माझ्या लेकीला समोर बसवून सगळं सांगितलं, आणि नीट समजलं का म्हणून लेकीकडून परत म्हणवून घेतलं. बोलताना त्यांना खोकला यायचा. आयुष्यभर फरशी कापल्याची धूळ छातीत बसली होती. वाक्य मधेच तुटायचं, दम धरून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

सुमनताईंना हे माझ्याकडूनच कळलं. मी फोनवर सहज बोलून गेले आणि जीभ चावली. मग त्यांनी विचारलं, "नांदेडात किती घरं राहिलीत त्यांची?"

आप्पांना मी त्यांच्या घरी एकदाच भेटले, आजारी आहेत कळलं तेव्हा. पत्र्याच्या दोन खोल्या. मागे अंगणात एक शहाबादी फरशी, तिच्या तीन बाजूंना बांबूवर पोती लावलेली. ती त्यांची न्हाणी. शेजारी पाण्याचं पिंप. शेकडो लोकांच्या बाथरूमच्या भिंती आखणाऱ्या माणसाला स्वतःची एक भिंत आखता आली नव्हती. मी तिकडे बघतेय हे गौराबाईंच्या लक्षात आलं. त्या ओशाळून म्हणाल्या, "बांधू बांधू म्हनत ऱ्हायलं." आप्पा खाटेवर उशाला टेकून बसले होते, मांडीवर वही. दुमडलेल्या पानांतली बरीच आता सरळ केलेली होती. सगळी नाही. मी विश्रांती घ्या म्हटलं, तर त्यांनी मान हलवली, आणि ती होकाराची नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. लिंगायतांत बसवून माती देतात. खड्ड्यात मांडी घालून बसवलेले आप्पा मी लांबून बघितले, पण तो चेहरा मला आठवत नाही.

आठवतं ते त्याआधी तीनेक महिने नांदेडला बघितलेलं. शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर मी नवऱ्याकडे गेले होते. संध्याकाळी भाजी घेऊन परतताना एका कॉलनीतल्या बंगल्यासमोर ओळखीची पिशवी दिसली. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला आप्पा बसले होते. घराकडे पाठ केलेली. आत पोर्चमध्ये सुमनताई उभ्या होत्या, हातात आप्पांची वही उघडी, आणि दारातल्या नवरा-बायकोशी बोलत होत्या.

मी आप्पांजवळ थांबले. ते वर बघून म्हणाले, "त्या येतेत आता संगं. धा-बारा घरं झाली."

"माफ केलं म्हणायचं त्यांनी तुम्हाला."

"न्हाई बाई." लगेच म्हणाले. "तसं त्यांनी पयल्याच दिवशी सांगून टाकलं. माफ केलं न्हाई, करनार न्हाई, तेवढं धरून चाला. एसटीत बी येगळ्या शीटवर बसतेत."

"मग तुम्ही बाहेर का बसलात? मशीन तर तुमच्याकडे आहे."

पोर्चमधून सुमनताईंचा आवाज येत होता, शाळेत पाठ म्हणावा तसा सपाट. "माझी मुलगी होती. अठरा वर्षांची. आंघोळीला गेली होती." आप्पांनी दोन्ही तळवे कानांवर दाबून धरले आणि रस्त्याच्या पलीकडे बघत राहिले. पलीकडे काही नव्हतं, एक मोकळा प्लॉट आणि त्यात उभी केलेली रिक्षा. तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. पाठ हलत होती, पण हात कानांवरून निघाले नाहीत.

दारातली बाई तोंडाला पदर लावून बाजूला झाली. तिच्या नवऱ्याने दार पूर्ण उघडलं. सुमनताईंनी वही मिटली आणि वळून हाक मारली, "आप्पा, या."

त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले, हात खाली घेतले, गुडघ्यावर भार देऊन उठले आणि पिशवी उचलली. फाटकापाशी चपला काढल्या. सुमनताई त्यांच्यासाठी थांबल्या नव्हत्या, पुढे निघून गेल्या होत्या. आप्पा भिंतीचा आधार घेत एकेक पायरी चढले आणि त्यांच्या मागोमाग आत गेले.